पालुपद कापायचं की ठेवायचं?

"हे 'त्यातला भाग असा की' आहे ना, ते सगळीकडून काढ. एकूण एक," मामा म्हणाले आणि कागदांची चळत त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मामांची उभी नोकरी रेडिओत गेली. ध्वनिमुद्रणं ऐकायची, कापायची, जोडायची आणि प्रसारणाला तयार करून द्यायची, हे त्यांचं काम. मी मुलाखतींचं शब्दांकन करते. रेडिओच्या त्या दिवसांबद्दल मामांचीच एक दीर्घ मुलाखत मी घेतली होती आणि पहिला खर्डा, माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, ते बोलले तसाच उतरवून त्यांना वाचायला दिला होता. अडखळणं, अर्धवट सोडलेली वाक्यं, 'अं' सगळं त्यात होतं. आपलं पालुपद मामांना त्या कागदांत पहिल्यांदा दिसलं. दर दुसऱ्या उत्तराच्या तोंडाशी ते येऊन बसलेलं होतं. त्यावरून आम्ही बराच वेळ भांडलो. त्या भांडणातलं जे इतरांच्याही उपयोगाचं वाटतं, ते इथे देते आहे. आमचं मत तेव्हा एक नव्हतं आणि आजही पूर्ण एक नाही.

"मामा, हे तुम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगणार? शाळेत पोरं मास्तरांचं पालुपद मोजतात. मागच्या बाकावर वहीत रेघा ओढतात, त्यावरून टोपणनावं ठेवतात. साऱ्या शाळेला ते माहीत असतं आणि मास्तरांना निवृत्त होईपर्यंत कळत नाही. बोलणाऱ्याचं लक्ष पुढच्या मुद्द्याकडे असतं गं. मधे तोंडातून काय सुटतंय तिकडे त्याचा कान जातच नाही. आणि स्वतःचा आवाज तरी कुठे खरा ऐकू येतो? तो हवेतून कानात येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून आपला आपल्याला भरदार वाटतो. स्टुडिओत पहिल्यांदा आलेला पाहुणा स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकून हटकून विचारायचा, हा माझा आवाज आहे? आवाजाची ही गत, मग शब्दांचं काय घेऊन बसलीस!"

"मग आता कळल्याबरोबर काढायची एवढी घाई का?"

"कारण जन्मभर मी दुसऱ्यांचं काढत आलो." मामा सावरून बसले. "पाव इंच रुंदीची टेप असायची. सेकंदाला साडेसात इंच धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा 'अं' हा पावणेचार इंचांचा तुकडा झाला. स्पूल हातानं मागेपुढे फिरवायचं. टेप हेडवरून हळू सरकली की आवाज जाडा, घोगरा होतो. त्या घोगऱ्या आवाजात 'अं' नेमका कुठे सुरू झाला ते कानानं पकडायचं आणि पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची. संपला तिथे दुसरी खूण. मग टेप खाचेत बसवून ब्लेडनं कापायची, तीही तिरकी. सरळ कापली तर जोडावर टक्क वाजतं. दोन टोकं जुळवून मागून चिकटपट्टी लावली की गेला एक 'अं'. वक्ता नवखा असला तर पंधरा मिनिटांच्या भाषणात अर्धा दिवस जायचा. संध्याकाळी टेबलाखाली तपकिरी तुकड्यांचा हा एवढा ढीग!"

"आणि ऐकणाऱ्याला काही पत्ता लागायचा नाही."

"लागता कामा नये. कुणी स्वयंपाक करताना ऐकतंय, कुणी गोठ्यात रेडिओ टांगून ऐकतंय. त्यांनी आपल्याला वेळ दिलाय. त्यात चौथा हिस्सा 'अं' आणि 'म्हणजे' घालून द्यायचा? आणि वक्त्याला तरी काय आवडतं? जे सांगायचं होतं ते स्वच्छ पोचलेलं आवडतं."

"पण कापायचंच नाही असंही काही असेल ना?"

मामा थोडं थांबले. "श्वास. नवी पोरं 'अं'च्या आधीचा श्वासही कापायची. मग ते भाषण ऐकताना आपल्यालाच गुदमरायला व्हायचं. माणूस श्वास न घेता बोलतोय, हे कान लगेच ओळखतो. म्हणून आम्ही सांगायचो, 'अं' काप, पण श्वासाला हात लावू नकोस."

इथे मला माझा मुद्दा सापडला. पालुपदांमधली कितीतरी मला त्या श्वासांसारखी वाटतात. मी मामांना व्याकरणाची आठवण करून दिली. मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखन'मध्ये केवलप्रयोगी अव्ययांच्या धड्यात शेवटी दोन गट येतात. एकाचं नाव 'व्यर्थ उद्गारवाची'. त्यात 'म्हणे', 'आपला', 'बापडा' असे शब्द आहेत. दुसरा गट 'पादपूरणार्थक' किंवा सरळ 'पालुपदे'. त्यात 'बरं का' आणि 'जळलं मेलं'सारखी मंडळी. स्पर्धा परीक्षेची मुलं हे गट घोकून पाठ करतात आणि 'व्यर्थ' म्हणजे वाक्यात काही काम नसलेले, असं समजून पुढे जातात.

"आता हा 'म्हणे' घ्या," मी म्हटलं. "'तो म्हणे मुंबईला गेला.' त्यातला 'म्हणे' काढला की 'तो मुंबईला गेला' एवढं उरतं, आणि मी साक्षीदार होऊन बसते. 'म्हणे' होता तोवर ऐकीव गोष्ट सांगत होते, खरंखोटं माझ्यावर नव्हतं. 'मी आपला कोपऱ्यात बसलो' यातला 'आपला' काढा. माणूस कोपऱ्यातच बसलेला आहे, पण कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला तो गरीब जीव वाक्यातून निघून गेला. आणि 'बापडा' गेला की कणव गेली. यांना व्यर्थ कसं म्हणायचं?"

"हे मी कधी कापलेच नाहीत. ज्यानं वाक्याचा अर्थ हलतो ते पालुपद कसलं?"

"पण एकाच माणसाच्या तोंडी ते सारखं येतं तेव्हा? महानुभाव पंथातल्या, ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचं चरित्र आठवा. त्यांच्या तोंडची वाक्यं पुन्हा पुन्हा 'म्हणे'वर येऊन थांबतात. ती त्यांची लकबच होती. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, चक्रधरांच्या आणि गोविंदप्रभूंच्याही. ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे ते गेले, पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून तपासून घेतलं. त्यांनी तो 'म्हणे' गाळला असता तर आज आपल्याला गोविंदप्रभूंची वचनं मिळाली असती, त्यांचं बोलणं मिळालं नसतं. आपल्या भाषेतलं इतकं जुनं गद्य, मामा, ते असं लकबींसकट उतरवलेलं आहे."

"ते भक्त होते. त्यांना त्या तोंडचा प्रत्येक शब्द प्रसाद होता. तुझ्या वाचकाला तुझ्या मामाचा प्रत्येक शब्द प्रसाद नाही." मामांनी माझा युक्तिवाद एका वाक्यात बाजूला ठेवला, आणि त्यांचं म्हणणं खरंही होतं. "माझं भांडण 'म्हणे'शी नाही. माझं भांडण 'कुठेतरी'शी आहे."

"'कुठेतरी'नं काय केलं?"

"टीव्हीवरची कुठलीही चर्चा लाव. कुठेतरी आपण कमी पडलो. कुठेतरी हे थांबलं पाहिजे. अगं, कुठे? पूल पडला तर तो कुठल्यातरी ठरावीक गावात, ठरावीक नदीवर, ठरावीक कंत्राटदारानं बांधलेला असतो. 'कुठेतरी' म्हटलं की गाव गेलं, नदी गेली, कंत्राटदारही गेला. पुढे 'आपण' म्हटलं की राहिलेला दोष साऱ्या महाराष्ट्रात सारखा वाटून टाकला. पुढाऱ्याचं 'निश्चितपणे' बघ. तारीख विचारली की येतं. निश्चितपणे लवकरात लवकर! ज्याला तारीख माहीत असते तो तारीख सांगतो, त्याला 'निश्चितपणे' लागत नाही."

"आणि 'त्या ठिकाणी'?"

"त्याचे दोन प्रकार. रस्त्यावर उभा असलेला बातमीदार 'त्या ठिकाणी पोलीस त्या ठिकाणी दाखल झालेले आहेत' म्हणतो. मला त्याची दया येते. कानात मागून कुणी काही सांगतंय, समोर गर्दी आहे, हातात लिहिलेलं काही नाही, त्याला विचार करायला दोन क्षण हवेत. पण सभेत, आठ दिवस आधी ठरलेल्या भाषणात, 'या ठिकाणी मी या ठिकाणी जाहीर करू इच्छितो'? तिथे कसला वेळ हवाय? तिथे भाषणात आत काही नाही, म्हणून तो भराव."

इथे मी वाद घातला नाही. माझ्या कामातही हे शब्द रोज भेटतात, आणि मला सर्वांत जास्त सलतो तो 'अप्रतिम'. गाणं अप्रतिम, पुस्तक अप्रतिम, थालीपीठ अप्रतिम. मैफल संपल्यावर गायिकेला भेटायला रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण तोच एक शब्द तिच्या हातात ठेवून पुढे सरकतो. त्यातल्या एकानं तरी सांगायला हवं होतं की दुसऱ्या बंदिशीत तुम्ही मध्यमावर थांबलात तेव्हा आमचाही जीव तिथे थांबला होता. तेवढं एक वाक्य तिला घरी नेता आलं असतं. 'अप्रतिम' म्हणणाऱ्यानं मन लावून ऐकलं नव्हतं असं मी म्हणत नाही. ऐकलेलं शब्दांत आणण्याची मेहनत त्या शब्दानं त्याच्याकडून काढून घेतली, एवढंच म्हणते.

"म्हणजे आपलं एकमत झालं," मामा म्हणाले.

"अर्धंच. 'अं'बद्दल अजून बोलायचंय. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोघांनी २००२ मध्ये इंग्रजी संभाषणांवरून दाखवलं की माणसं छोट्या थांब्याआधी एक हुंकार काढतात आणि लांब थांब्याआधी दुसरा. त्यांचं म्हणणं, हे हुंकारसुद्धा शब्दच आहेत. समोरच्याला ते सांगतात, थांबा, माझं संपलेलं नाही, शोधतोय."

"समोरच्याला! तेच तर. रेडिओवर समोर कोण होतं? काचेपलीकडे मी. मधेच तोंड घालणारं कुणी नाही. तिथे 'माझं संपलेलं नाही' हे सांगायचं कुणाला? म्हणून ते कापणं रास्त होतं. घरात, कट्ट्यावर ते कापायला कोण जातंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. इतका साधा फरक मला तोवर सुचला नव्हता. गप्पांमध्ये चारजण बोलायला टपलेले असतात. वाक्य हातून जाऊ नये म्हणून 'म्हणजे कसंय ना', 'ते हे', 'काय म्हणतात त्याला' असे शब्द माणूस मधे घालत राहतो. तोच माणूस ध्वनिक्षेपकापुढे एकटा उभा राहिला तरी सवय जात नाही. अडवणारा कुणी नसतो आणि तो मात्र अडवू नका म्हणत राहतो. व्याख्यात्यांनी, शिक्षकांनी एवढं जरी लक्षात घेतलं आणि शब्द सुचेपर्यंत नुसतं गप्प राहायचं धाडस केलं, तरी निम्मा भराव गळून पडेल. शांततेला श्रोता कंटाळत नाही. बोलणाराच तिला घाबरतो.

पण मुलाखत ही गप्पांच्या बाजूची की भाषणाच्या? मी एका आजींचं ध्वनिमुद्रण उतरवलेलं होतं, त्यातला एक उतारा मामांना वाचून दाखवला. विषय १९७२ चा दुष्काळ. गाव, विहिरी, विकलेली जनावरं, रेशनवर आलेली मिलोची लाल ज्वारी, सगळं आजींनी सलग सांगितलं होतं, कुठेही न अडखळता. मग हे आलं:

"खडी फोडायला जायचो आम्ही. मालक, मी, सासूबाई. सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरला आणायची पोरांना. आता काय सांगू बाई. धाकटी होती माझी. तिला झोळी बांधायचे झाडाला, कामावरच. आता काय सांगू. झाड म्हणजे काय, बाभळ. सावली नाही काय नाही. आता काय सांगू बाई. ऊन लई."

"पुढे?" मामांनी विचारलं.

"पुढे नाही. 'ऊन लई' म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या आणायला उठल्या. धाकटीचं काय झालं ते त्या दिवशी बोलल्याच नाहीत. आता हेच 'आता काय सांगू' काढून वाचते. 'आम्ही खडी फोडायला जात असू. धाकट्या मुलीची झोळी कामावरच बाभळीला बांधत असे. ऊन फार असे.' मामा, यात माहिती सगळी आहे."

मामांनी तो कागद घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. "विहिरींबद्दल सांगताना तिनं एकदाही हे म्हटलेलं नाही?"

"एकदाही नाही. धाकटी आली तिथूनच सुरू झालं."

"हे कापायचं नाही," मामा म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही.

ते पुन्हा बोलायला लागले तेव्हाही आपला मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. "आजींनी आपलं पालुपद ओळखावं, सुधारावं, असं माझं म्हणणंच नाही. त्यांनी कुणाचा वेळ मागितला नव्हता, तू त्यांच्याकडे गेली होतीस. मी बोलतोय ते ज्यांचं पोट बोलण्यावर आहे त्यांच्याबद्दल. शिक्षक, वकील, निवेदक, पुढारी आणि तुम्ही लिहिणारे. या लोकांनी दुसऱ्याचा वेळ मागून घेतलेला असतो."

"ते मान्य. मला भीती वेगळीच आहे. ही चाळण लावायला सुरुवात झाली की ती नेहमी दुबळ्याच्या बोलण्याला आधी लागते. मी वक्तृत्वाच्या एका वर्गाला गेले होते. एक मुलगी 'पानी' म्हणाली. तिला थांबवून 'पाणी' म्हणायला लावलं, पुन्हा पुन्हा. शिकवणारे गृहस्थ स्वतः दर वाक्याला 'बेसिकली' आणि 'ॲक्च्युअली' म्हणत होते, त्यावर वर्गात कुणाची भुवई उचलली गेली नाही. ती मुलगी त्या दिवशी पुढे बोललीच नाही. 'पानी' ही तिच्या गावची, घरची बोली आहे. नागपूरकडचं 'करून राहिलो', कोल्हापूरकडचं 'लई', मालवणकडचं 'गो' आणि 'रे' यांना लकब म्हणून झाडायला निघालं तर माणसाच्या अंगावर त्याची म्हणून भाषा राहणार नाही."

"बोली आणि पालुपद यात घोळ करू नकोस. बोली गावाची असते. पालुपद एकट्याचं असतं."

"घोळ मी करत नाहीये, मामा. चुका काढणारे करतात."

"मग नियम कर की, पालुपद ज्याचं त्यानंच शोधायचं. दुसऱ्यानं बोट दाखवलं की माणूस बोलताना स्वतःवर पहारा ठेवायला लागतो आणि होतं तेवढंही बोलणं बंद पडतं. मी कुणा वक्त्याला कधी सांगितलं नाही की तुमचे इतके 'अं' कापले. टेबलावर कापले, तिथेच विसरलो."

हा नियम मला पूर्ण पटला. पण शोधायचं कसं? माझा अनुभव असा की ऐकून ते सापडत नाही. स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकताना आपण पुन्हा अर्थाच्याच मागे लागतो आणि कान सगळं माफ करतो. हातानं अक्षरन् अक्षर लिहून काढलं की मगच डोळ्याला खुपतं. मोबाइलवर आवाजाचं लिखाण करून देणारी साधनं आता हाताशी आहेत, पण त्यांतली बरीचशी 'अं' आणि अडखळणं परस्पर गाळून टाकतात. नेमकं जे शोधायचं तेच कागदावर उमटत नाही. म्हणून हे काम हातानंच करावं लागतं. कंटाळवाणं आहे, वेळ खातं, आणि दुसरा मार्ग मला माहीत नाही.

"आता माझ्या 'त्यातला भाग असा की'चं बोल," मामा म्हणाले. "आजींचं राहू दे, माझं काढ. माझ्यात कसली धाकटी दडलेली नाही."

मी त्यांना सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळायला सांगितलं. शब्द बघू नका, शब्दाच्या पुढे काय आलंय ते बघा, एवढंच म्हटलं. मामा चष्मा लावून बसले. बहुतेक ठिकाणी त्या पालुपदानंतर एखादी कामाची रीत सांगितलेली होती. टेप तिरकी का कापायची, दमट हवेत स्पूलचं काय व्हायचं, निवेदकानं ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर बसायचं. किस्सा सांगता सांगता मामा कारागिरीकडे वळायचे तेव्हा ते येत होतं. ऐकणाऱ्याला ते सांगत होतं की आता जरा नीट ऐक, इथून कामाचं आहे. वाचताना ते मलाही उपयोगी पडलं होतं.

एका पानावर मात्र तसं नव्हतं. मी विचारलं होतं की आणीबाणीच्या काळात, १९७५ ते ७७, संपादनाच्या टेबलावर 'अं'शिवाय आणखी काय काय कापलं जायचं? मामांचं उत्तर असं उतरलं होतं: "त्यातला भाग असा की, तेव्हा एकंदरीत वातावरणच तसं होतं. त्यातला भाग असा की, वरून जे यायचं ते... म्हणजे सगळीकडेच तसं होतं. तर त्यातला भाग असा की, ते दिवस वेगळे होते."

मामांनी ते पान दोनदा वाचलं. "यात मी काहीच सांगितलेलं नाही."

"नाही."

"हे माझं 'कुठेतरी' झालं."

मी गप्प राहिले.

"इथलं काढ," मामा म्हणाले. "नुसतं पालुपद नको, पूर्ण उत्तरच काढ. आणि तो प्रश्न मला पुन्हा विचार."

मी ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. मामांनी या वेळी वेळ घेतला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा टेपवर येत राहिला. मग ते म्हणाले, "वरून लेखी काही यावं लागत नव्हतं. काय चालणार नाही ते आमचं आम्हीच ओळखायचो आणि कुणी सांगण्याआधी कापून ठेवायचो. ते तुकडेही 'अं'च्या ढिगातच पडायचे." एवढंच उत्तर होतं. त्यात एकही शब्द गाळण्यासारखा नव्हता.

मुलाखतीच्या छापायच्या प्रतीत कारागिरीच्या जागची काही 'त्यातला भाग असा की' मी ठेवली आहेत. मामांना ती अजूनही जास्त वाटतात. आणखी निम्मी काढ, असा त्यांचा आग्रह आहे आणि त्यावर आमची ओढाताण चालू आहे. वाचकाच्या वेळेबद्दल ते जे म्हणतात ते मला नाकारता येत नाही. त्यांच्या बोलण्याचा बाज जाईल, ही माझी भीती त्यांना पटत नाही. आणीबाणीचं नवं उत्तर मात्र दोघांच्या संमतीनं जसंच्या तसं जाणार आहे.

कुठलं पालुपद वाईट याची यादी मी करणार नाही. तीत 'कुठेतरी'सुद्धा घालणार नाही. ज्या माणसाचं घर खरोखरच कुठेतरी हरवलं आहे त्याच्या तोंडी तो शब्द खराच असतो. मामांचं एकच पालुपद एका पानावर वाट दाखवत होतं आणि दुसऱ्या पानावर तोंड झाकत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्या घरी बोलणारी जुनी माणसं असतील तर त्यांच्या परवानगीनं त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि पहिली प्रत हातानं, काहीही न गाळता उतरवा. छापायची प्रत नंतर हवी तेवढी स्वच्छ करा, पण मूळ ध्वनिमुद्रण आणि तो पहिला खर्डा फेकू नका. आणि एकदा स्वतःचंही दहा मिनिटांचं बोलणं असंच उतरवून बघा. जो शब्द वारंवार येतोय त्याखाली रेघ ओढा आणि प्रत्येक रेघेच्या पुढचं वाक्य वाचा. जिथे पुढे काहीच आलेलं नसेल, तिथे तुम्हाला काय विचारलं होतं ते बघा आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्या.